किल्लारीचे जुने फोटो, एक पडकं घर आणि त्रिमितीय मॉडेल: जाणकारांनी मदत करावी

अनुस्वार | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडे लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक चालूच होती. बाबा तेव्हा स्थापत्य शिकवायचे. चार-पाच दिवसांनी काही विद्यार्थ्यांना घेऊन ते तिकडे गेले आणि आठवडाभर राहिले. आल्यावर त्याबद्दल फारसं बोलले नाहीत, फोटोही कुणाला दाखवले नाहीत. गेल्या महिन्यात माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात दोन रोलच्या निगेटिव्ह सापडल्या. बहुतेक फ्रेममध्ये नुसते दगडांचे ढीग आहेत. पण अकरा फ्रेम एकाच घराच्या आहेत, त्याच्याभोवती चक्कर मारत काढलेल्या. त्या घराच्या तीन भिंती पडल्यात आणि छत मात्र लाकडी खांबांवर तसंच उभं आहे. बघून विश्वास बसत नाही.

मला मोबाइलच्या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करायचा नाद आहे. पर्वतीच्या पायऱ्या, घरातला पितळी बंब, शेजाऱ्यांचं मांजर (हे फसलं, हललं ते). या अकरा फोटोंवरून त्या घराचं मॉडेल होईल का? आणि झालंच तर त्याचा कुणाला उपयोग आहे का, की नुसतंच गोल फिरवून बघायचं?

बाबा ८३ वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं, "मॉडेल कशाला? मी सांगतो ना कसं होतं ते." आणि मग सांगत काही नाहीत.

—

बिंदुमेघ | रविवार, दुपारी १:०५

होईल. पण मांजरापेक्षा जास्त त्रास देईल.

या तंत्रात एकच दगड दोन-तीन जागांवरून टिपलेला असावा लागतो. संगणक त्या जुळणाऱ्या खुणा शोधतो आणि दगड कुठे होता, कॅमेरा कुठे होता, ही दोन्ही गणितं एकदमच सोडवतो. म्हणून शेजारशेजारच्या फोटोंमध्ये सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक असावा असं म्हणतात. रोलचे पैसे मोजणारा माणूस इतके जवळजवळ फोटो काढत नसे. त्यामुळे अकरापैकी सगळे जुळतील अशी आशा ठेवू नका.

दुसरं, मोबाइलचा फोटो आपल्यासोबत लेन्सची माहिती घेऊन येतो. निगेटिव्ह मुकी असते. बाबांना कॅमेरा आणि लेन्स विचारा. ५० मिलिमीटरची नेहमीची लेन्स असेल तर हिशोब सोपा आहे: ३६ मिलिमीटर रुंदीची फ्रेम २४०० डीपीआयला स्कॅन केली की रुंदी साधारण ३४०० पिक्सेल येते, म्हणजे फोकल लांबी सुमारे ४७०० पिक्सेल. हा आकडा सुरुवातीला हाताने भरा, बाकी बारीक दुरुस्ती सॉफ्टवेअर करेल. मेशरूम किंवा कोलमॅप घ्या, दोन्ही फुकट आहेत.

आणि महत्त्वाचं, स्कॅन करताना कडा छाटू नका! चौकटीचा मध्य म्हणजे लेन्सचा मध्य असं गृहीत धरून सगळं चालतं. एका फ्रेमची डावी कड कापली आणि दुसरीची उजवी, की तो मध्य प्रत्येक फोटोत वेगळीकडे जातो आणि घर वाकडं होतं. ते भूकंपाने वाकलं की स्कॅनरने, हे मग सांगता येत नाही.

—

शनिपार | रविवार, दुपारी १:३०

वाचतोय. वाचनखूण साठवली.

—

अनुस्वार | बुधवार, रात्री ९:५०

बिंदुमेघ, तुमचं उत्तर वाचायच्या आधीच मी पेठेतल्या एका दुकानात स्कॅन करायला देऊन आले होते. त्यांनी मोठ्या आपुलकीने प्रत्येक फ्रेम "नीट" कापून दिली. रंगही उजळून दिले. परत नेऊन दिल्या, काळ्या कडेसकट करा म्हटलं. "कडा कशाला हव्यात?" या प्रश्नाला उत्तर देता देता दुकान बंद व्हायची वेळ झाली.

आता निकाल: अकरापैकी सात जुळल्या. फोटो क्रमवार खाली जोडलेत. पुढची बाजू आणि डावी बाजू बरी दिसतेय. मागचे चार फोटो घराला जोडलेच जात नाहीत, हवेत वेगळे तरंगतायत. पाऊस पडून गेलेला होता, सगळे दगड चकचकीत ओले. त्यामुळे असेल का?

आणि हे छत नक्की किती मोठं आहे कसं कळणार? प्रत्येक फोटोत एक काळी छत्री भिंतीला किंवा खांबाला टेकवून ठेवलेली दिसतेय.

—

बिंदुमेघ | बुधवार, रात्री १०:१५

ओल्या दगडाची चकाकी आपण हललो की हलते, त्यामुळे संगणक फसतो. मागचे चार हाताने जोडा: दोन्ही गटांत दिसणारे आठ-दहा बिंदू (खांबाचं टोक, तुळईचा कोपरा, एखादा ओळखू येणारा दगड) स्वतः निवडून दाखवा. कष्टाचं आहे पण चालतं. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवल्या, त्यानंतर झुरिकच्या तंत्रसंस्थेतल्या लोकांनी मोठ्या मूर्तीचं मॉडेल जुन्या फोटोंवरून केलं. पर्यटकांचे फोटो, इंटरनेटवरचे फोटो आणि १९७० मध्ये मोजमापासाठी खास काढलेले फोटो, असं सगळं वापरून बघितलं. वस्त्रांच्या चुण्या नीट आल्या त्या माणसाने हाताने बिंदू मोजले तेव्हाच.

छत्री म्हणजे तुमच्या बाबांनी ठेवलेली मोजपट्टी आहे! संगणकाला समोर घर आहे की काड्यापेटी, हे कळत नाही. एक माप खरं मिळालं की सगळं घर खऱ्या मापाचं होतं. छत्री शोधा.

—

ओळंबा | गुरुवार, सकाळी ७:१०

बांधकामाचं गणित करून पोट भरणारा माणूस आहे, म्हणून थोडं पाणी ओततो. राग नसावा.

तुम्ही जे करताय ते घराचं कातडं आहे. फोटो आणि लेझर दोन्हींना फक्त पृष्ठभाग दिसतो. पण भूकंपात घर पडलं ते आतल्या कारणाने. इटलीत ला'क्विलाच्या २००९ च्या भूकंपानंतर आणि नेपाळात २०१५ नंतर इमारती ढिगाने स्कॅन झाल्या. मिलिमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतात. ते मॉडेल तसंच उचलून विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की सॉफ्टवेअर भिंतीला आरपार एकसंध दगड समजतं, आणि अशी भिंत कुठल्याही भूकंपात ताठ उभी राहते. चित्र सुंदर, उत्तर साफ खोटं.

तेव्हा पहिला प्रश्न: ती भिंत आतून कशी होती? पडलेल्या भिंतीचा कापलेला छेद एखाद्या फोटोत दिसतो का?

—

तेरणाकाठ | गुरुवार, रात्री ११:४०

मी सांगतो. एरवी इथं नुसता वाचत असतो.

माझं गाव किल्लारीपासून जवळ. मी तेव्हा सातवीत होतो. आता हडपसरला असतो.

आमच्याकडं भिंत म्हणजे दोन भिंती. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला एक थर, मोठे दगड, तोंड नीट घडवलेलं आणि पाठ निमुळती. मधल्या पोकळीत बारके दगड आणि माती. सिमेंट नाही, चुना नाही, चिखलातलं बांधकाम. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुणी घालत नव्हतं. भिंत दोन फुटांच्या खाली नसायची, काही वाड्यांना तर चार फूट. उन्हाळ्यात आत गारेगार. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असंच सगळ्यांना वाटायचं.

वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकूड अंथरून पांढरी माती. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून नवी माती टाकायची. जुनी कोण काढतंय! आजोबांच्या काळापासून थरावर थर. आमच्या माळवदावर फूट-दीड फूट माती सहज असेल.

तुमच्या फोटोत छत उभं आहे ते खांबांमुळं. खण (खांब-तुळयांची चौकट) नीट असलेल्या घरांत असं झालेलं मी पण बघितलंय. जिथं खांब नव्हते, तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथं भिंत सरकली आणि माळवद खाली आलं. लोक झोपेत होते.

तेवढंच. बाकी कुणी विचारू नका.

—

ओळंबा | शुक्रवार, सकाळी ६:५५

तेरणाकाठ, आभार. पुस्तकात "दोन थरांची अनगड दगडी भिंत" एवढंच लिहितात.

आता नुसतं वजन बघा. दहा बाय बारा फुटांची खोली, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर माती, घनमीटरला १६०० किलो धरली, तर साडेआठ टनांहून जास्त. एका खोलीच्या डोक्यावर! भूकंपाचं बळ हे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणजे आपण गळती थांबवायला दरवर्षी भूकंपाच्या हातात थोडं थोडं जास्त बळ देत होतो.

अशा घराचं मॉडेल एकसंध करून चालत नाही. प्रत्येक दगड वेगळा ठोकळा धरायचा, ठोकळ्यांमध्ये घर्षण आणि चिखलाचा नगण्य चिकटपणा, मध्ये भुसभुशीत भरण. ठोकळे सुटे होऊ शकतात, घसरू शकतात, पडू शकतात. ही पद्धत पीटर कंडॉल यांनी १९७१ मध्ये खडकांच्या कड्यांसाठी मांडली, पुढे ती दगडी बांधकामाला फार उपयोगी ठरली. हलवायला लागलं की आधी भिंतीचं पोट फुगतं, दोन थर एकमेकांपासून सुटतात, भरण मध्ये खाली बसून पाचरीसारखं दोघांना आणखी ढकलतं. मग बाहेरचा थर बाहेर पडतो.

तुमच्या फोटोंचा उपयोग नेमका इथे आहे, अनुस्वार. पडायच्या आधीचं घर मॉडेलमध्ये उभं करायचं, हलवायचं, आणि पडलेला ढीग फोटोतल्या ढिगाशी ताडून बघायचा. दगड किती लांब गेले, कुठला कोपरा राहिला, खांब किती कलले. जुळलं तर आतलं गृहीतक बरोबर असण्याची शक्यता. नाही जुळलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एक मोठी अडचण: हलवायचं कशाने? किल्लारीच्या मुख्य धक्क्याची नोंद घेणारं त्वरणमापक जवळपास कुठेच नव्हतं. तो भाग तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, यंत्र कोण बसवणार?

—

हेळवाक | शुक्रवार, दुपारी १२:२०

या बाबतीत आमची कोयना नशीबवान म्हणायची (नशीब हा शब्द जपूनच).

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात धरणाच्या आतल्या गॅलरीत (बोगद्यासारख्या वाटेत) त्वरणमापक चालू होतं. प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), उभ्या दिशेने ०.३४, आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३. धरण १०३ मीटर उंच. त्याचा मागचा उतार वर जिथे एकदम बदलतो, म्हणजे पायापासून साधारण ६६ मीटरवर, तिथे आडव्या भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूने टेकू बांधून धरण मजबूत केलं.

नोंदही आहे आणि भेगा कुठे पडल्या तेही माहीत आहे. दोन्ही एकत्र जगात फार कमी ठिकाणी मिळतं. म्हणून काँक्रीट कसं तडकतं याचं नवं गणित कुणी मांडलं की आधी कोयनेच्या धरणावर चालवून बघतात. उतार बदलतो त्या मानेपाशी भेग आली तर गणित पास. अबॅकस नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतसुद्धा आपलं कोयना आहे. माझा भाचा परदेशात शिकायला गेला, पहिल्याच सत्रात समोर आलं. त्याने फोन करून आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "घरं पडली ती कुणी नाही का काढत त्यात?"

—

शनिपार | शुक्रवार, रात्री ८:३५

अवांतर: आमच्या सोसायटीत खाली सगळं पार्किंग, वर चार मजले. भूकंप-धोक्याच्या नकाशावर पुणे तिसऱ्या पट्ट्यात येतं असं ऐकलंय. असं मॉडेल आमच्या इमारतीचं करून मिळेल का? जाता जाता, मोबाइलमध्येही त्वरणमापक असतो म्हणे, तो गच्चीत ठेवला तर?

—

ओळंबा | शुक्रवार, रात्री ९:२०

अवांतर कसलं, हाच खरा आपल्या घरचा प्रश्न आहे.

२६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यातल्या कितीतरी खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंती अशा. वरचे मजले भिंतींमुळे खोक्यासारखे ताठ, खाली नुसते खांब. सगळी हालचाल त्या खांबांच्या वाट्याला.

गंमत अशी की मॉडेल करताना बरेच जण विटांच्या भिंती नुसतं वजन म्हणून धरतात. मग इमारत कागदावर वरपासून खालपर्यंत सारखीच लवचीक होते आणि पार्किंगचा दोष दिसतच नाही. आपल्या २०१६ च्या भूकंप-संहितेतलं साधं सूत्रच बघा: १५ मीटर उंच इमारत, भिंती न धरता आंदोलनकाळ (एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ) ०.०७५ गुणिले उंचीचा पाऊण घात, म्हणजे ०.५७ सेकंद. भिंती धरून, पायाची लांबी १२ मीटर असेल तर ०.०९ गुणिले १५ भागिले बाराचं वर्गमूळ, ०.३९ सेकंद. इमारत तीच. म्हणून आता भिंतीच्या जागी तिरका दांडा कल्पून तो मॉडेलमध्ये घालतात.

मोबाइल: वाऱ्याने, रहदारीने इमारत इतकी सूक्ष्म हलते की मोबाइलच्या संवेदकाची स्वतःची खरखर बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. चांगलं यंत्र असेल तर मात्र फार उपयोग आहे. आज इमारतीची वारंवारता २.५ हर्ट्झ मोजून ठेवली, आणि उद्या धक्क्यानंतर २.० आली, तर ताठपणा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटून उरला ०.६४ पट. म्हणजे छत्तीस टक्के कमी, मग गिलाव्यावर एकही भेग दिसो न दिसो. पण हे "आजचं" माप कुणीच घेऊन ठेवत नाही. आरोग्य तपासणीसारखं, दुखल्याशिवाय कोण जातं.

—

शनिपार | शुक्रवार, रात्री ९:३१

सोसायटीच्या सभेत मांडतो. पाण्याच्या टाकीचा विषय संपला तर.

—

अनुस्वार | रविवार, सायंकाळी ५:४५

धागा वर काढतेय. मागचे चार फोटो जोडले! तेवीस बिंदू हाताने दिले. एका खांबावर खिळ्याला दिव्याची चिमणी अडकवलेली आहे, ती दोन्हीकडून दिसते, तिनेच काम केलं. उजव्या कोपऱ्यात पडक्या भिंतीचा छेदही दिसतो. तेरणाकाठ म्हणाले तसाच: दोन थर आणि मध्ये माती.

आता छत्रीची गोष्ट. छत्री घरात नाही. पण त्याच वर्षीच्या दिवाळीच्या फोटोत एक काळी छत्री आमच्या लोखंडी कपाटाला टेकवलेली दिसली. कपाट अजून आहे, मोजलं, १९८ सेंटिमीटर. त्या प्रमाणात छत्री ९१. ते माप मॉडेलला दिलं, भिंतीची जाडी आली ८६ सेंटिमीटर. मी नाचायचीच बाकी होते.

बाबांना दाखवलं. चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "ती छत्री ही नव्हे. तिकडे नेलेली बसमध्ये राहिली. ही नंतर घेतलेली, लांब दांड्याची."

—

बिंदुमेघ | रविवार, सायंकाळी ६:०२

अरेरे. 😀 दुसरं काही ठरावीक मापाचं शोधा. वीट, पत्रा, खुर्ची?

—

तेरणाकाठ | रविवार, सायंकाळी ७:३०

फोटो क्र. ४ मध्ये उजव्या खांबाच्या मागं दगडांत तेलाचा पत्र्याचा डबा आहे. १५ किलोचा. ते डबे अजून तसेच मिळतात, किराणा दुकानात जाऊन मोजा. आमच्याकडं धान्य ठेवायला प्रत्येक घरात असायचे.

आणि एक. ज्यांचं घर आहे त्यांचं गाव, नाव कुठं लिहू नका. मॉडेल दाखवायला हरकत नाही.

—

अनुस्वार | रविवार, रात्री १०:१०

नाही लिहिणार, नक्की. फोटोंच्या फाइलींची नावंही बदलली.

डबा मोजला: उंची ३५ सेंटिमीटर, तळ साडेतेवीस बाय साडेतेवीस. फोटोतल्या डब्याचा एक कोपरा चेपलाय, म्हणून दोन उभ्या कडांची सरासरी घेतली. आता भिंत येते ७८ सेंटिमीटर. छत्रीने ८६ आली होती, म्हणजे छत्री खरंच वेगळी होती. बाबा बरोबर, मी चूक, हे या घरात नवीन नाही.

ओळंबा, ७८ धरून ठोकळ्यांचं मॉडेल सुरू करू का? माळवदाची जाडी पुढच्या कडेला ४० सेंटिमीटर दिसतेय.

—

ओळंबा | रविवार, रात्री १०:३५

करा. आधी फक्त एक भिंत आणि एक खण घ्या, अख्खं घर नको, तुमचा संगणक रडेल. दगड खरे तसे वेडेवाकडे न करता आधी चौकोनी घ्या. घर्षणाचे दोन-तीन वेगवेगळे आकडे घालून चालवा. आणि डब्याच्या मापात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे असणार, तेव्हा ७५ ला आणि ८१ ला पण चालवून बघा. निकाल तिन्ही वेळा एकच आला तर माप पुरेसं आहे.

—

अनुस्वार | रविवार, रात्री ११:०५

बाबांना ७८ चा आकडा सांगितला. न बघताच म्हणाले, "दोन फूट सात इंच. वहीत लिहिलंय."

"कुठली वही?"

"तिकडे सगळी मापं घेतली होती ती. प्रत्येक घराची."

"इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू फोटोंचं विचारलंस."

वही माळ्यावर आहे म्हणे. उद्या सकाळी शिडी लावते.